विश्लेषण : ‘पुलित्झर’ पुरस्कारामागच्या माणसाची दृष्टी कशी गेली? चष्म्याचा नंबर तपासला तरी रेटिनाची तपासणी का उरते?

नोव्हेंबर १८८७. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कार्यालयात मालक-संपादक जोसेफ पुलित्झर यांनी अग्रलेखाच्या पानाचा मजकूर नेहमीप्रमाणे वाचायला घेतला. पण त्यांना अक्षरेच दिसेनात. कागद हातात होता, त्यावर काहीतरी छापले आहे एवढे कळत होते, पण वाचता येत नव्हते. डोळा दुखत नव्हता, लालही झाला नव्हता. वय होते अवघे ४०.

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यातली रक्तवाहिनी फुटल्याचे सांगितले आणि सहा आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा आदेश दिला. पुढे निष्पन्न झाले ते असे, की त्यांच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, आपल्या जागेवरून सुटू लागला होता. तीनेक वर्षांत अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या वृत्तपत्रांपैकी एकाचा मालक जवळजवळ आंधळा झाला.

पत्रकारितेतला जगातला सर्वात नावाजलेला पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. त्यात छायाचित्रणाचेही विभाग आहेत. भारताचे दिवंगत छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांच्या कामाचा या पुरस्काराने दोनदा गौरव झाला. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार आहे, त्यांना मात्र आयुष्याची शेवटची २० वर्षे स्वतःच्याच वृत्तपत्रातले चित्र काय आहे, हे दुसऱ्याला विचारावे लागत होते.

भारतात येता येता राहिलेला मुलगा

पुलित्झर यांचा जन्म १० एप्रिल १८४७ चा, हंगेरीतल्या माको या गावचा. वडील धान्याचे व्यापारी. ते लवकर गेले आणि घराची घडी विस्कटली. किशोरवयातल्या जोसेफला सैनिक व्हायचे होते. त्याने ऑस्ट्रियाच्या लष्कराचे दार ठोठावले, मग मेक्सिकोला जाणाऱ्या फ्रेंच परदेशी पलटणीचे आणि त्यानंतर भारतात धाडल्या जाणाऱ्या ब्रिटिश फौजेचे. तिन्ही ठिकाणी नकार मिळाला. कारणे दोन : किरकोळ शरीर आणि अधू नजर. ही नजर जरा बरी असती, तर पुलित्झर हे नाव एखाद्या छावणीच्या हजेरीपटावर आले असते आणि तिथेच संपले असते.

शेवटी १८६४ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धासाठी सैनिकांची भरती करणाऱ्या दलालांनी त्याला घेतले. तिथे माणसांचीच इतकी टंचाई होती, की चष्मा कोणी मनावर घेतला नाही. इंग्रजी धड येत नसलेला हा १७ वर्षांचा मुलगा घोडदळात दाखल झाला. काही महिन्यांत युद्ध संपले आणि तो रस्त्यावर आला.

पुढची काही वर्षे सेंट लुईस शहरात मिळेल ते काम करण्यात गेली. खेचरे सांभाळली, हमाली केली, हॉटेलात वेटर म्हणून राबले. फावला वेळ ग्रंथालयात जाई. तिथेच बुद्धिबळाच्या पटावर वाकलेल्या दोघा गृहस्थांशी त्यांची ओळख झाली, ती त्यांच्या एका चालीवर टिप्पणी करून. ते दोघे निघाले ‘वेस्टलिखं पोस्ट’ या जर्मन वृत्तपत्राशी संबंधित. १८६८ मध्ये पुलित्झर त्या वृत्तपत्राचे बातमीदार झाले.

पुढचा प्रवास सुसाट होता. १८७८ मध्ये त्यांनी ‘सेंट लुईस डिस्पॅच’ हे डबघाईला आलेले वृत्तपत्र लिलावात २,५०० डॉलरना घेतले आणि ‘पोस्ट’शी जोडले. १८८३ मध्ये जे गूल्ड या रेल्वेसम्राटाकडून ३ लाख ४६ हजार डॉलरना ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ विकत घेतले. त्या वेळी त्याचा खप सुमारे १५ हजार होता. चारेक वर्षांत तो अडीच लाखांवर गेला.

हे नुसते भडक मथळ्यांनी झाले नाही. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सहून भेट मिळाला होता, पण तो उभा करायला चौथऱ्याचे पैसे नव्हते. पुलित्झर यांनी १८८५ मध्ये वाचकांनाच साद घातली. सुमारे पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणगीदार होते १ लाख २० हजारांच्या वर, बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी. ज्याने काही सेंट दिले, त्याचेही नाव ‘वर्ल्ड’ने छापले. आजच्या भाषेत सांगायचे तर हे क्राउडफंडिंग, तेही १४० वर्षांपूर्वीचे. नेली ब्लाय या तरुण पत्रकाराने वेड पांघरून मनोरुग्णालयात प्रवेश मिळवला आणि ऑक्टोबर १८८७ मध्ये आतले हाल ‘वर्ल्ड’मधून बाहेर आणले. शहरभर त्याचीच चर्चा होती. त्यानंतर महिनाभरातच पुलित्झर यांच्या हातातल्या कागदावरची अक्षरे पुसली गेली.

डोळ्यात नेमके काय घडले?

कोटाला आतून अस्तर असते, तसे डोळ्याला आतून रेटिनाचे अस्तर असते. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर होते ते इथेच. कॅमेऱ्याच्या भाषेत भिंग म्हणजे लेन्स आणि रेटिना म्हणजे सेन्सर. लेन्स खराब झाली तर बदलता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तेच करतात. सेन्सर बदलण्याची सोय मात्र डोळ्यात नाही.

डोळ्याच्या पोकळीत अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, घट्टसर द्रव भरलेला असतो. वयानुसार तो आक्रसतो आणि रेटिनापासून सुटा होतो. बहुतेकांच्या बाबतीत हे बिनबोभाट पार पडते. काहींच्या बाबतीत मात्र सुटताना तो रेटिनाला ओढतो आणि तिला भोक पडते. त्या भोकातून द्रव मागे झिरपतो. पावसाळ्यात भिंतीत ओल शिरली की रंगाचा पापुद्रा फुगून सुटतो, तशी रेटिना मागच्या थरापासून सुटत जाते. रक्तपुरवठा मागच्या थरातून होत असल्याने सुटलेला भाग उपाशी पडतो. मध्यबिंदूपर्यंत, म्हणजे ज्या भागाने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथपर्यंत हे लोण पोहोचण्याच्या बेतात असले, की दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब सुरू होतो.

भोक पडताना एखादी रक्तवाहिनीही फाटू शकते आणि डोळ्यात रक्त उतरते. त्यामुळे पुलित्झर यांना आधी सांगितलेले रक्तवाहिनी फुटल्याचे निदान आणि चरित्रकार नोंदवतात ते पडदा सुटण्याचे कारण, या एकाच घटनेच्या दोन बाजू असू शकतात.

या सगळ्यात दुखत काहीच नाही, कारण रेटिनाला वेदनेची जाणीव नसते. इशारे मिळतात ते वेगळे. अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे दिसते, नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळे अचानक वाढते, एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखा वाटतो. एक डोळा बिघडला तरी दुसरा इतके सांभाळून घेतो, की अनेकांना ते कित्येक दिवस कळतही नाही. एक डोळा झाकून पाहण्याची सवय आपल्याला नसते.

पुलित्झर यांच्या डॉक्टरांनी, आणि स्वतः त्यांनीही, दोष दिला तो अतिश्रमाला. रात्र रात्र गॅसच्या दिव्याखाली प्रुफे वाचल्याने डोळे गेले, अशी समजूत तेव्हा होती आणि आपल्या घरांतही ती अजून शिल्लक आहे. मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, पण रेटिना फाटत नाही. खरा धागा बहुधा त्यांच्या किशोरवयातल्या त्या तीन नकारांमध्ये आहे. लांबचे अंधुक दिसणाऱ्या, म्हणजे मायनस नंबर असलेल्या माणसाचे बुबुळ ते रेटिना हे अंतर नेहमीपेक्षा जास्त असते. साधारण डोळा २४ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. तो जितका लांब, तितकी रेटिना ताणलेली आणि कडेला पातळ. मायनस सहाच्या पुढचा नंबर असेल तर पडदा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. चष्म्याने किंवा लेसरने नंबर घालवून समोरचे स्वच्छ दिसू लागते, पण डोळ्याची लांबी आणि रेटिनाचा ताण आहे तसाच राहतो. ‘नंबर गेला, आता डॉक्टर कशाला’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

मग दुसरा डोळा वाचला नसता का?

पुलित्झर यांच्या आयुष्यातला सगळ्यात चुटपुट लावणारा भाग हाच आहे. पहिला डोळा १८८७ च्या अखेरीस गेला. दुसरा त्यानंतर दोनेक वर्षे बऱ्यापैकी काम देत होता. एका डोळ्याचा पडदा सुटला असेल तर दुसऱ्याचाही सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, हे आज नेत्रशल्यविशारदाला पाठ असते. तो सर्वप्रथम दुसऱ्या डोळ्याची रेटिना कडेपर्यंत तपासतो. भोक किंवा पातळ जागा दिसली आणि तिच्यातून धोका वाटला, तर भोवती लेसरने टाके घातल्यासारखे ठिपके उमटवतो. बाह्यरुग्ण विभागातले काही मिनिटांचे काम, रुग्ण त्याच दिवशी घरी.

पुलित्झर यांच्या काळात डोळ्याच्या आत पाहायचे साधन नव्हते असे नाही. ते चार वर्षांचे असतानाच, १८५१ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ऑप्थॅल्मोस्कोप जगापुढे मांडला होता. त्यामागची युक्ती इंजिनीअरला मोह पाडेल अशी आहे. डोळ्याची बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत फिरतो आणि त्या वाटेवर पाहणाऱ्याचे डोके आले तर प्रकाशच अडतो. हेल्महोल्ट्झ यांनी तिरक्या काचेवरून प्रकाश डोळ्यात सोडला आणि त्याच काचेतून आत पाहिले. जिवंत माणसाची रेटिना प्रथमच नीट दिसली. पण त्या उपकरणाचा झोत मुख्यतः मध्यभागावर पडे. पडद्याला भोके पडतात ती बहुधा कडेला. तिथवर सहज पोहोचणारे, डोक्यावर बांधायचे दोन डोळ्यांचे उपकरण १९४० च्या दशकात चार्ल्स शेपेन्स यांनी घडवले.

आणि भोक दिसले असते तरी करणार काय? तेव्हा उपचार म्हणून होती ती अंधारी खोली. पापण्या झाकून निश्चल पडून राहिले तर सुटलेला पडदा आपोआप बसेल, ही आशा. पुलित्झर यांच्यासारखा क्षणभर स्वस्थ न बसणारा माणूस सहा आठवडे त्या खोलीत कसा राहिला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतर त्यांना विश्रांतीसाठी कॅलिफोर्नियाला धाडले गेले. तिथून युरोप, जर्मनीतल्या वीसबाडेनचे नामांकित नेत्रतज्ज्ञ, मग आणखी एक शहर, आणखी एक तज्ज्ञ. पैशाला तोटा नव्हता, पण विकत घेण्यासारखा उपायच बाजारात नव्हता. पुलित्झर यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९१२ मध्ये, अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांकडून या आजाराच्या उपचारांची माहिती मागवण्यात आली, तेव्हा यशाचे प्रमाण हजारात एकाच्या घरात निघाले.

चित्र पालटले ते १९२० च्या दशकात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिले, की मुळाशी ते भोक आहे. ते शोधून डागणीने बंद केले तर पडदा बसतो. आज शस्त्रक्रियेने दहापैकी साधारण नऊ डोळ्यांत पडदा जागेवर आणता येतो. दृष्टी किती परत येते, हे मात्र रुग्ण किती लवकर आला यावर ठरते.

पुलित्झर यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. पूर्व भूमध्य समुद्रातल्या प्रवासात, कॉन्स्टँटिनोपलच्या परिसरात, ते सोबत्याबरोबर जहाजाच्या डेकवर होते. एकाएकी किती अंधारून आले, असे ते म्हणाले. सोबती गोंधळला, कारण लख्ख उजेड होता. दुसऱ्या डोळ्याचाही पडदा पडला होता.

आपल्यापैकी कोणी, कधी तपासायचे?

चष्म्याच्या दुकानातली मोफत तपासणी वाईट नाही, पण ती नंबर सांगते, रेटिना नाही. रेटिना नीट पाहायची तर बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. अर्धा तास बसावे लागते, पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते, उजेड डोळ्यांवर येतो. त्यामुळे दुचाकी घरी ठेवून, सोबत कोणाला तरी घेऊन गेलेले चांगले. या एवढ्याशा कटकटीपायीच अनेकजण थेंब नको म्हणतात.

मधुमेह असेल तर ही तपासणी वर्षातून एकदा हवीच. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाचे निदान होते त्याच वेळी पहिली तपासणी करून घ्यावी, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षे वाढलेली असू शकते. मधुमेहात रेटिनाच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, आणि वाचताना अक्षर हलेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. मोठा मायनस नंबर, घरात कोणाचा पडदा सुटलेला असणे, डोळ्याला मार बसणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे, यांपैकी काहीही लागू असेल तर किती दिवसांनी यायचे, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. बाकीच्यांनी चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी करावी आणि साठी-पासष्टीनंतर वर्ष-दोन वर्षांनी. अचानक ठिपके वाढणे, चमक किंवा पडदा दिसणे, यात मात्र पुढच्या रविवारची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी जायचे.

अंधारातून चालवलेले वृत्तपत्र

ऑक्टोबर १८९० मध्ये पुलित्झर यांनी संपादकपद सोडल्याचे जाहीर झाले. त्याच डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पार्क रोवर ‘वर्ल्ड’ची सोनेरी घुमटाची इमारत उघडली. ३०९ फूट उंच, शहरातली तेव्हाची सर्वात उंच. पायाचा दगड त्यांच्या चार वर्षांच्या मुलाच्या हस्ते बसला होता. बांधणारा ना पायाभरणीला हजर होता, ना उद्घाटनाला.

सोडले ते फक्त पद. वृत्तपत्राचा लगाम त्यांनी अखेरपर्यंत हातात ठेवला. चिटणिसांचा ताफा रोज सकाळी वृत्तपत्रे वाचून दाखवी. वाचणाऱ्याचा आवाज, उच्चार, गती, सगळ्याची कठोर परीक्षा होई. समोरच्या माणसाचा चेहरा कसा आहे, चित्रात काय आहे, समुद्राचा रंग आज कोणता, हेही त्यांना तपशिलात सांगावे लागे. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून न्यूयॉर्कला तारा सुटत. त्यासाठी खास सांकेतिक शब्दांचे पुस्तक होते आणि त्यात स्वतः पुलित्झर यांचे नाव होते ‘अँडीज’. १९०५ मध्ये जॉन सिंगर सार्जंट यांनी त्यांचे तैलचित्र काढले. ज्याचे चित्र, त्याला ते दिसले नाही.

डोळे गेले आणि कान असह्य तीक्ष्ण झाले. चमचा बशीला लागल्याचा आवाजही त्यांना टोचे. मेन राज्यातल्या बार हार्बरच्या घरी त्यांनी जाड भिंतींचा स्वतंत्र मनोरा बांधून घेतला. घरचे लोक त्याला शांततेचा मनोरा म्हणत. नैराश्य, दमा, निद्रानाश सोबतीला होतेच. शेवटी जमिनीवर शांतता मिळेना म्हणून ‘लिबर्टी’ ही स्वतःची नौका आली आणि आयुष्य समुद्रावर जाऊ लागले.

याच काळातली काळी बाजू लपवण्याचे कारण नाही. १८९५ नंतर विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्याशी खपाची झुंज लागली. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या आगेमागे ‘वर्ल्ड’नेही बातम्यांत नको तितके तेल ओतले. ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द या दोघांच्या भांडणातून आला. पण त्याच ‘वर्ल्ड’ने पुढे पनामा कालव्याच्या व्यवहारावर प्रश्न विचारले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इतके संतापले, की सरकारने बदनामीचा खटला भरला. अंध, आजारी पुलित्झर मागे हटले नाहीत. जानेवारी १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पत्रकारांना वकील-डॉक्टरांसारखे रीतसर शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी कोलंबिया विद्यापीठाला २० लाख डॉलर देऊ केले. ते विद्यालय १९१२ मध्ये सुरू झाले. त्यांच्या मृत्युपत्रातले पुरस्कार १९१७ पासून दिले जाऊ लागले. यातले काहीही पाहायला ते नव्हते.

२९ ऑक्टोबर १९११ रोजी ‘लिबर्टी’ दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन बंदरात नांगरून होती. जॉर्जियातल्या जेकिल बेटाकडे जाता जाता तब्येत बिघडली म्हणून थांबलेली. जर्मन चिटणीस त्यांच्याजवळ बसून फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याविषयी वाचून दाखवत होता. पुलित्झर यांनी त्याला जर्मनमध्येच आणखी हळू वाचायला सांगितले. तो हळू वाचत राहिला. थोड्या वेळाने ऐकणारे कोणी उरले नव्हते.